मोटारीची कांति

अंधेरीच्या लिंक रोडवरून किंवा घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गावरून सायंकाळीं जाणाऱ्या मनुष्यास अलीकडे एक नवीन प्रकारचें दुकान दृष्टीस पडतें. तेथें विकावयास कांहीं मांडलेलें नसतें. कांचेच्या दाराआड छताला षट्कोनी दिव्यांची जाळी लखलखत असते आणि तिच्याखालीं एकच मोटार उभी असते. तिच्या दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, रबराच्या पट्ट्या चिकटपट्टीनें झांकलेल्या असतात. आणि एक-दोन तरुण कारागीर हातांत फिरतें यंत्र घेऊन तिच्या पत्र्यावर तासन्‌तास वांकलेले दिसतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजविलेल्या रोग्याची आठवण व्हावी असा तो देखावा असतो. मोटार तर नवी दिसते, कोठें ठोकर लागलेली नसते. मग हा उपचार कशावर चालला आहे, असा प्रश्न पाहणाऱ्यास साहजिकच पडतो. या धंद्यास डिटेलिंग म्हणतात. आणि त्यांतील सर्वांत कठीण, सर्वांत महाग व ज्याविषयीं गैरसमजहि सर्वांत अधिक असें काम म्हणजे पेंट करेक्शन, अर्थात् रंगाची दुरुस्ती.

दुरुस्ती हा शब्दच येथें फसवा आहे. दुरुस्ती म्हटली कीं फाटलेलें शिवणें, मोडलेलें जोडणें, पडलेला खड्डा भरून काढणें असें कांहींतरी मनांत येतें. या कामांत नेमकें उलट घडतें. खड्डा भरला जात नाहीं. खड्ड्याच्या भोंवतालची जमीन खरवडून ती त्याच्या तळाइतकी खालीं आणिली जाते, आणि मग खड्डा नाहींसा झाला असें दिसतें. ओरखडा गेला म्हणजे त्याच्या आजूबाजूचा रंगलेप गेला. जो मालक ही एक गोष्ट ध्यानांत ठेवील त्याची फसवणूक सहसा होणार नाहीं.

हे ओरखडे कसले, हें पाहण्यास मोटारीची गरज नाहीं. घरांतील स्टेनलेस स्टीलचें एखादें जुनें ताट स्वच्छ पुसून रात्रीं एकाच उघड्या दिव्याखालीं तिरपें धरावें. दिव्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात. आतां ताट हळूच सरकवावें. वर्तुळें ताटाबरोबर जात नाहींत. तीं दिव्याच्या प्रतिबिंबास धरून राहतात. म्हणजे वर्तुळें ताटावर कोरलेलीं नाहींतच! ताटावर आहेत ते नाना दिशांनीं गेलेले असंख्य बारीक ओरखडे. त्यांपैकीं जे प्रतिबिंबाच्या भोंवतीं आडवे पडतात, तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवितात. बाकीचे अंधारांत राहतात, आणि त्या निवडक ओरखड्यांचीं मिळून वर्तुळें भासतात. काळ्या मोटारीच्या बॉनेटवर दुपारच्या उन्हांत जें जाळें दिसतें तें हेंच. कारागीर त्यास स्वर्ल मार्क म्हणतात. पुसणाऱ्यानें गोल गोल हात फिरविला म्हणून हीं वर्तुळें उमटलीं, असें मालकास वाटतें. तो रोज निरनिराळ्या दिशांनीं सरळ हात फिरविता, तरी तींच वर्तुळें दिसलीं असतीं. गुन्हा हाताच्या दिशेचा नसून फडक्यांत अडकलेल्या कणाचा असतो. अशा हजारों ओरखड्यांवरून प्रकाश विखुरला गेला कीं रंगाचा गहिरेपणा जातो, काळा राखाडी दिसूं लागतो, तांबडा फिकटतो. रंग उडाला असें लोक म्हणतात. रंग बहुधा जागेवरच असतो, त्याच्या वरची कांच मात्र धुरकट झालेली असते.

ही कांच म्हणजे काय, तें पाहूं. कारखान्यांत मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर चढतात. पहिला गंज रोखणारा थर. सांगाडा टाकींत बुडवून विजेच्या साहाय्यानें तो बसवितात. त्यावर प्राइमर. त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर. हा फारच पातळ, पंधरा-वीस मायक्रॉनांचा. आणि सर्वांवर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक लेप, ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चारी थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन भरतात. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे लाखों रुपयांच्या मोटारीची सारी शोभा एका केंसाहूनहि पातळ अशा पडद्यावर अवलंबून आहे, हें कळेल. उन्हांतील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्येंहि याच लेपांत घातलेलीं असतात. यंत्रानें कडक घासणी केली तर एका वेळेस दोन-चार मायक्रॉन जातात; हलक्या घासणीनें एखादा. जाणते कारागीर मोटारीच्या सबंध आयुष्यांत एकंदर सात-आठ मायक्रॉनांच्या पुढें जाण्यास कचरतात. म्हणजे हें भांडवल ठराविक आहे, त्यांत भर पडत नाहीं, आणि प्रत्येक पॉलिश हा त्यांतील खर्च आहे. प्रत्येक दिवाळीस मोटार "चमकवून" आणणारा गृहस्थ आपली ठेव मोडून सण साजरा करीत असतो.

पूर्वीं असें नव्हतें. मोटारीच्या आरंभकाळीं रंगकाम गाडीच्या बग्गीप्रमाणें ब्रशानें व व्हार्निशानें होई, आणि तें वाळण्यास आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंतील द्यु पाँ कंपनीचा ड्यूको हा झटपट वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि निळी, हिरवी, तांबडी अशी मोटार सामान्यांच्या आवांक्यांत आली. पुढें कित्येक दशकें रंग व चकाकी एकाच लेपांत असत. तशी गाडी पॉलिशानें घासली कीं फडक्यावर गाडीचा रंग उतरे, आणि किती घासलें याची खूण मालकास डोळ्यांनीं मिळे. १९८० नंतरच्या काळांत रंगावर वेगळा पारदर्शक लेप देण्याची रीत जगभर रूढ झाली. लेप पारदर्शक असल्यामुळें फडकें पांढरेंच राहतें. झीज होत असते, पण दिसत नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील पद्मिनी गाडी ज्यांनीं एके काळीं स्वतः घासून-पुसून वापरली, त्यांचा हात आजच्या मोटारीवर जड पडतो याचें एक कारण हें असावें.

उच्च वेगाच्या मोटारींची गोष्ट याहून नाजूक. मराठी माणसास अशी एक मोटार चांगली परिचयाची आहे. २००२ सालीं सचिन तेंडुलकर यांनीं डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशीं बरोबरी केली. त्या निमित्त फियाट कंपनीतर्फे सिल्व्हरस्टोन येथें मायकेल शूमाकर यांच्या हस्तें त्यांना तांबडी फेरारी ३६० मोडेना देण्यांत आली. पुढें ती मुंबईंत आली, तिच्या आयात-जकातीवरून बराच वाद माजला, आणि २०११ सालीं ती सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. जकातीची चर्चा घरोघर झाली. परंतु त्या जातीच्या मोटारीची त्वचा कशी असते, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. ३६० मोडेनाचा सांगाडा व अंग ॲल्युमिनियमचें. बैठकीच्या पाठीमागें कांचेखालीं ४०० अश्वशक्तीचें, आठ नळकांड्यांचें इंजिन. नाक जमिनीलगत, आणि मागचे टायर रुंद. असल्या गाडीच्या नाकावर पुढील वाहनांनीं उडविलेली खडी नेमकी आदळते, आणि तिच्याच रुंद चाकांनीं फेकलेले खडे मागच्या कुशींवर बसतात. खड्यानें उडालेला टवका रंगाच्याहि खालीं गेलेला असतो. कितीहि घासलें तरी तो जात नाहीं, तेथें रंगाचा थेंबच भरावा लागतो.

लेपाची जाडी मोजण्याचें एक हातांत मावणारें यंत्र असतें, आणि कारागिरानें कामास हात घालण्यापूर्वीं तें चालविलेंच पाहिजे. लोखंडी पत्र्यावर तें चुंबकाच्या तत्त्वानें चालतें. फेरारीच्या ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाहीं. तेथें धातूंत विजेचे सूक्ष्म भोंवरे उत्पन्न करून अंतर मोजणारें यंत्र लागतें. कार्बनच्या धाग्यांचे व प्लास्टिकचे भाग असतील तर याहून निराळें, ध्वनिलहरींवर चालणारें. शिवाय, साधीं यंत्रें चारी थरांची एकूण जाडी सांगतात. त्यांतील पारदर्शक लेप किती उरला, हें सांगत नाहींत. आंकडा एकाएकीं ३०० वर गेला तर तो भाग पूर्वीं पुन्हां रंगविलेला आहे एवढें निश्चित समजतें, आणि मग जुनी मोटार "कारखान्यांतून आली तशीच" म्हणून विकणाऱ्याचें बिंग फुटतें. अशा मोटारींत मूळच्या रंगाला मोल असतें. पारदर्शक लेप एकदां फाटला कीं तो भाग सबंध रंगवावा लागतो. नवा रंग कितीहि सुबक असला तरी मूळचा तो गेलाच. दारांच्या कडा, बॉनेटवरच्या उभार रेषा या ठिकाणीं लेप आधींच पातळ बसलेला असतो आणि यंत्राचा दाबहि तेथेंच अधिक पडतो. शिकाऊ मुलाचें यंत्र बहुधा तेथेंच रंगांतून आरपार जातें. ज्या मोटारींचा रंग मुद्दाम निस्तेज, मॅट ठेवलेला असतो, त्यांना तर यंत्र लावणेंच निषिद्ध. घासलेल्या जागीं चकचकीत डाग पडतो आणि तो कोणत्याहि उपायानें निघत नाहीं.

आतां उपनगरांच्या हवेकडे वळूं. वर्सोव्याकडून खारा वारा येतो, मुलुंड-घाटकोपरकडून खाडीचा. पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण पाऊस हा मोटारीचा खरा शत्रु नव्हे. खरे शत्रु बारीक आहेत. कुलाबा-बोरिवली मार्गावर १९२८ सालीं विजेच्या गाड्या सुरूं झाल्या, आणि तेव्हांपासून पश्चिम उपनगरांचें जीवनच रुळांना बांधलें गेलें. पलीकडे घाटकोपर-मुलुंडचीहि तीच कथा. चाकें रुळांवर घासतात, ब्रेक लागतात, आणि प्रत्येक वेळीं लोखंडाचे सूक्ष्म कण हवेंत उडतात. रुळांलगतच्या इमारतींतील मोटारींवर ते बसतात. मोटारीच्या स्वतःच्या ब्रेकांतूनहि असेच कण उडतात. लेपांत रुतून ते गंजतात, आणि पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके दिसूं लागतात. मालक म्हणतो, पत्रा गंजला. पत्रा शाबूत असतो. गंजलेली असते ती आगगाडीची धूळ. धुतलेल्या मोटारीवर हातांत पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तळवा फिरवावा, म्हणजे बारीक पोलिस-कागदासारखी खरखर लागते. ती हीच.

यावर एक द्रावण फवारितात. लोखंडाशीं संयोग होतांच तें जांभळें होतें, आणि पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ वाहूं लागले कीं प्रथमच पाहणारा मालक घाबरतो. केंस कुरळे करण्याच्या औषधांत जें द्रव्य असतें त्याच कुळांतलें हें आहे, म्हणून वासहि तसाच उग्र. जें यानेंहि निघत नाहीं तें मळलेल्या कणकेसारख्या एका विशिष्ट मातीच्या गोळ्यानें, वंगणाचें पाणी मारीत, हळूवार टिपून घ्यावयाचें. तो गोळा जमिनीवर पडला तर फेकूनच दिला पाहिजे. तो उचलून पुन्हां लावणारा कारागीर पाहतांच मोटार तेथून हलवावी.

पक्ष्यांची विष्ठा, जांभळाच्या झाडाखालचे डाग, झाडांवरील किड्यांचा चिकटा, हें सर्व उन्हांत लेपाला खाऊं लागतें. विष्ठा दुपारपर्यंत राहिली तर तिच्याखालचा तापून मऊ झालेला लेप संध्याकाळीं गार होतांना वेडावांकडा आंखडतो. म्हणून ती ओल्या फडक्यानें भिजवून लगेच उचलावी, घासूं नये. पाण्याचें दुखणें याहून छुपें. मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा वगैरे तलावांतून येणारें नळाचें पाणी पावसाचें व म्हणून मृदु असतें. परंतु तें पिण्यासाठीं राखून अनेक सोसायट्यांत गाड्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानें धुतात. हें पाणी जड असूं शकतें. खाडीलगत तर तें खारेंहि असतें. उन्हांत वाळणारा प्रत्येक थेंब मागें क्षाराचें एक पांढरें कडें ठेवून जातो. ताजें असतांना तें सौम्य आम्लानें जातें. महिनोगणती राहिलें तर लेपांत उतरतें आणि मग पुन्हां यंत्र घेणें आलें.

खुद्द घासणीचें काम असें चालतें. प्रथम हातभर जागेवर सर्वांत सौम्य औषध व सर्वांत मऊ गादी लावून पाहावयाची. तेवढ्यानें भागलें तर पुढें जावयाचेंच नाहीं. जर्मन मोटारींचा लेप कडक आणि जपानी मोटारींचा मऊ, असा धंद्यांत समज आहे. पण प्रत्येक मोटार तपासूनच घ्यावी लागते. औषधांत ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड असते. गादी लोंकरीची, फोमची किंवा मायक्रोफायबरची. यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं: एक नुसतें गरगर फिरणारें, दुसरें फिरतां फिरतां डोलणारें. पहिलें झपाट्यानें कापतें, पण एकाच जागीं रेंगाळलें तर लेप भाजतो, आणि अननुभवी हातांत तें स्वतःचींच नवीं धुरकट वळणें मागें सोडतें. दुसरें संथ, परंतु क्षमाशील. कामाला दोन-दोन, तीन-तीन दिवस लागतात, आणि खोल ओरखडे त्यांतूनहि मुद्दाम राखले जातात. नखाला अडकणारा ओरखडा पुरता काढूं नये, त्याच्या कडा तेवढ्या बोथट कराव्यात, असें सांगणारा कारागीर प्रामाणिक समजावा. "शंभर टक्के काढून देतों" म्हणणारा तुमच्याच लेपाच्या जोरावर बोलत असतो.

दुसरा एक वर्ग आहे, तो कांहींच काढीत नाहीं. तेलें व सिलिकोन असलेलें मलम चोपडून तो ओरखडे बुजवितो. मोटार आरशासारखी होते, पैसे घेतले जातात, आणि चार-सहा धुण्यांनंतर जाळें पुन्हां दिसूं लागतें. याची परीक्षा सोपी आहे. काम झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यानें पुसवून घ्यावा आणि मोटार उन्हांत नेऊन पाहावी. जें तेलानें झांकलें असेल तें उघडें पडतें.

शेवटीं संरक्षक लेपांची मोहिनी येते. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारें कार्नोबा मेण फार जुनें. तें कांहीं आठवडे टिकतें आणि कोणास फसवीत नाहीं. हल्लींचें सिरॅमिक कोटिंग वाळूच्या कुळांतील सिलिकाच्या संयुगांचें असतें. त्यानें पाणी ओघळतें, मळ कमी धरतो, धुणें सोपें होतें. हे गुण खरे आहेत. पण त्याची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉनांची. जाहिरातींत त्याची कठिणता ९एच म्हणून सांगतात, आणि ऐकणारा हिऱ्याच्या खालोखालचा पदार्थ समजतो. हें माप पेन्सिलीचें आहे. चित्रकलेच्या तासाला वापरतात त्या जातीची ९एच पेन्सिल ठराविक दाबानें ओढली असतां ओरखडा पडला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरील रेतींतला गारेचा कण ही परीक्षा मानीत नाहीं. खडीपासून खरें संरक्षण हवें असेल तर पॉलियुरेथेनची दीड-दोनशें मायक्रॉनांची पारदर्शक पट्टी नाकावर व कुशींवर चिकटविणें हा उपाय आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वांचविण्यासाठीं अमेरिकेंत अशा पट्ट्या वापरूं लागले, तेथून त्या मोटारींवर आल्या. पट्टी महाग असते; परंतु ती झिजली तर काढून दुसरी लावतां येते. लेपाचें तसें नाहीं.

आणि इतकें सर्व करून मोटार घरीं आली कीं दुसऱ्या दिवशीं पहांटे काय होतें? सोसायटींतला गाडी पुसणारा येतो. सात वाजण्यापूर्वीं त्यास पंधरा-वीस मोटारी उरकावयाच्या असतात. त्याच्याजवळ एक बादली आणि एक फडकें. पहिल्या गाडीची धूळ बादलींत उतरते, आणि पांचव्या गाडीपासून पुढें तो तीच धूळ, ओली करून, सर्वांना समप्रमाणांत वांटीत जातो. भुयारी रेल्वेचीं व उंच इमारतींचीं बांधकामें चालूं असलेल्या वस्तींत त्या धुळींत सिमेंट व रेती असते. डिटेलरनें तीन दिवसांत काढलेलें जाळें महिन्याभरांत पुन्हां विणलें जातें, आणि मालक कधीं त्या माणसावर, कधीं कोटिंगवाल्यावर रागावतो. त्या माणसास महिन्याकाठीं एका मोटारीमागें मिळतें तें मालकाच्या एका पॉलिशच्या बिलांत शोधूनहि सांपडणार नाहीं. आणि पाणी किती वापरावें हें सोसायटी ठरविते, तो ठरवीत नाहीं. त्यानें कसें पुसावें हें कोणी दाखविलेलें नसतें, साहित्यहि कोणी दिलेलें नसतें.

तें देणें कठीण नाहीं. आपल्या मोटारीपुरत्या दोन बादल्या: एकींत शाम्पूचें पाणी, दुसरींत हात खळबळण्यासाठीं स्वच्छ पाणी. मायक्रोफायबरचा एक हातमोजा अंगासाठीं, एक जुना चाकांसाठीं, आणि ते कधीं अदलाबदल करावयाचे नाहींत. रोज धुण्याची गरज नाहीं. आठवड्यांतून एकदां पुरे, आणि मधल्या दिवशीं नुसती कांच पुसावी. कोरडी धूळ फडक्यानें झाडणें मात्र अगदीं बंद. आधीं पाणी ओतून धूळ भिजवावी, मग छतापासून खालीं यावें. खालच्या पट्टींत सर्वांत अधिक खडी असते म्हणून ती शेवटीं. सांवलींत धुवावी आणि थेंब वाळण्यापूर्वीं टिपून घ्यावे. फडकें हातांतून खालीं पडलें, तर तें झटकून पुन्हां न वापरतां त्या दिवसापुरतें बाजूस ठेवावें.